दाढ, जबडा आणि तोंडाची शस्त्रक्रिया: नागपूरच्या पेशंटसाठी सविस्तर मार्गदर्शन

"डॉक्टर, दाढ लय ठणकून राहिली जी, आत्ताच काढून टाका." तोंडाच्या शस्त्रक्रियेच्या ओपीडीत हे वाक्य रोज सकाळी ऐकू येतं. त्याच बाकावर दोन माणसं सोडून एखादा निवांत बसलेला असतो. त्याला काहीच दुखत नाही. गालाच्या आत एक पांढुरका चट्टा आहे, तोंड थोडं कमी उघडतं आणि बायको मागे लागली म्हणून तो आलाय. मला विचाराल तर आधी आत बोलवायचा तो दुसरा.

तोंडाच्या आजारांत दुखणं आणि धोका यांची जोडी फार कमी वेळा जमते. दाताच्या नसेला सूज आली की माणूस रात्रभर घरात येरझारा घालतो, पण तो आजार एका बैठकीत आटोक्यात येण्यासारखा असतो. उलट जबड्यातली गाठ, खर्र्याने (सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या मिश्रणाने) आखडत चाललेलं तोंड, कॅन्सरची पहिली जखम ही सगळी मंडळी बराच काळ गप्प बसून असतात. म्हणून 'किती दुखतंय' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि कधी जायचं, कुठे जायचं, आधी काय सांगायचं, नंतर घरी काय करायचं, या क्रमाने जाऊ.

## पहिली पायरी: घाई किती ते ठरवा

रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, अशी थोडीच कारणं आहेत. दाताची सूज जबड्याखाली उतरून मानेकडे पसरतेय, जीभ वर उचलली गेलीय, लाळ गिळता येत नाही म्हणून गळतेय, आडवं पडलं की श्वास कोंडतो. हे दिसलं की सकाळची वाट पाहू नका. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पट्ट्याच्याही खाली उतरलेली असतात. तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी मानेत उतरतो आणि श्वासनलिकेचा रस्ता आवळतो. अशा वेळी दाताच्या दवाखान्यात जाऊन उपयोग नाही. जिथे आयसीयू आणि भूलतज्ज्ञ आहेत तिथे जा: मेडिकलची (म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची) कॅज्युअल्टी, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. पेशंटला आडवं करू नका, बसवूनच न्या. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका.

वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटायला लागली, दात काढल्यावर तासभर दाबून धरूनही रक्त थांबत नाही, किंवा मार लागल्यावर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत, ही कारणंही त्याच रांगेतली.

नुसती गालाची सूज, ताप, हिरडीतून पू, दात काढल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलेला ठणका यांसाठी दुसऱ्या दिवशीची ओपीडी पुरते. आणि तोंडातली कोणतीही जखम, चट्टा, गाठ किंवा न भरणारी खाच दोन ते तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दुखो न दुखो, दाखवायचीच. मलम बदलून बघू, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन बघू, यात महिने जातात.

तोवर घरी काय करू नये ते आधी सांगतो, कारण नुकसान तिथेच जास्त होतं. सुजलेल्या गालाला बाहेरून शेक देऊ नका. शेकाने पू कातडीकडे ओढला जातो आणि मग गालावर किंवा हनुवटीवर कायमचा व्रण राहतो. हनुवटीखाली महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा वाहणारी पुळी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे फिरलेले पेशंट येतात, आणि मूळ निघतं खालच्या पुढच्या मेलेल्या दातात. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, ती कातडी जाळते. लवंग तेलाचा बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवला तर तात्पुरता आराम पडतो, पण तेच तेल हिरडीवर चोळलं तर तिथे फोड. मेडिकल स्टोअरमधून दोन दिवसांची अँटिबायोटिक आणून घेणं तर बंदच करा. पू साचलेला असेल तर तो बाहेर काढावा लागतो, नुसत्या गोळीने तो आटत नाही. दुखण्यावर साधी पॅरासिटॅमॉल चालते, मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून.

## कुठे जायचं, कोणाकडे जायचं

दंतवैद्यकाची बीडीएस ही पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांची एमडीएस, विषय ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी. या शिक्षणाच्या माणसाला तोंडाचा आणि जबड्याचा सर्जन म्हणतात. साधी हलणारी दाढ कोणताही दंतवैद्य व्यवस्थित काढतो, त्यासाठी सर्जन शोधत फिरू नका. हाडात अडकलेली अक्कलदाढ, जबड्याचं फ्रॅक्चर, गाठ, उघडत नसलेलं तोंड, हे मात्र सर्जनचं काम. दवाखान्यात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला असतो. तो बघायला लाजू नका.

नागपुरात मेडिकलच्या परिसरातच शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. विदर्भातले पेशंट तर तिथे येतातच, मध्य प्रदेशातूनही येतात. हिंगणा रोडकडे डिगडोह आणि वानाडोंगरी इथे खाजगी दंत महाविद्यालयं आहेत. मिहानमध्ये एम्स आहे. कॅन्सरची शंका असेल तर मानेवाडा रोडकडचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, शिवाय मेडिकल. दंत महाविद्यालयात विद्यार्थी काम करतात म्हणून लोक बिचकतात. सर्जरीची कामं बहुतेक एमडीएस करणारे डॉक्टर करतात, बाजूला प्राध्यापक उभे असतात आणि एका दाढेला खाजगीपेक्षा वेळ जास्त मिळतो, असंच माझं मत. फक्त सकाळी लवकर पोहोचा आणि एक दिवस त्यात जाणार हे धरून चला.

आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया आणि कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसू शकतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती होण्याआधीच तिथे विचारायचं. बिल झाल्यावर विचारलं तर हात वर होतात. साधी दाढ काढणं योजनेत शोधू नका, सरकारी ठिकाणी त्याचे पैसे तसेही मामुली असतात.

## आरशासमोर दोन मिनिटं

महिन्यातून एकदा, दात घासून झाल्यावर, बेसिनच्या आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावा. कवळी असेल तर काढून ठेवा. ओठ उलटून बघा, मग दोन्ही गाल बोटाने ताणून. जीभ बाहेर काढून डावी-उजवी कडा बघा, कारण जिभेचा कॅन्सर बहुतेकदा कडेला होतो आणि कडाच कोणी बघत नाही. जीभ टाळूला लावून खालचा भाग, मग टाळू. शेवटी मानेवरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गाठ लागते का पाहा.

आणि स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं, अनामिका, उभी करून दातांच्या मध्ये घालून बघा. सहज गेली तर तोंड ठीक उघडतं. साधारण 35 ते 45 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडायला हवं. दोनच बोटं जात असतील आणि खर्र्याची सवय असेल, तर पुढचं वाचण्याआधी अपॉइंटमेंट घ्या.

## अक्कलदाढ: काढायची की राहू द्यायची

17 ते 25 या वयात ही दाढ येते आणि जबड्यात जागा नसल्याने तिरकी अडकते. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीच्या पदराखाली. त्या पदराखाली अन्न साचतं, सूज येते, तोंड उघडायला त्रास होतो, गिळताना कानापर्यंत कळ जाते. पहिल्यांदा असं झालं तर खाली साफसफाई करून आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी ते शांत होऊ शकतं. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा झालं, दाढेला किंवा तिच्या पुढच्या दाढेला कीड लागली, किंवा एक्स-रेत तिच्याभोवती गाठ दिसली, तर काढावी. नुसती अडकलेली आहे पण काही त्रास नाही, अशी प्रत्येक दाढ काढलीच पाहिजे असं नाही. मात्र काढायचीच असेल तर तिशीच्या आत काढणं सोपं जातं, पुढे हाड कडक होत जातं.

आधी ओपीजी नावाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे लागतो. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. एक्स-रेत मूळ आणि नस एकमेकांवर आलेली दिसली तर सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन करतात. सर्जनला सरळ विचारा, "नस किती जवळ आहे जी?" फारच जवळ असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळं जागेवर ठेवण्याचाही मार्ग असतो.

वरचा दात काढला की नजर जाते, हे प्रत्येक आजी सांगते. दाताची नस वेगळी, डोळ्याने बघण्याची नस वेगळी. दोघींचा संबंध नाही. उलट वरचा सडका दात वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर पू डोळ्याच्या बाजूला चढू शकतो, हा धोका खरा.

### जाण्याआधी हे सांगायचंच

डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. रोजच्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस दात काढायचा म्हणून क्लोपिडोग्रेल थांबवतो तेव्हा दाताच्या रक्तस्रावापेक्षा मोठं संकट ओढवून घेतो. एक-दोन दात काढायला या गोळ्या सहसा चालू ठेवतात आणि रक्त जागेवर दाबून, टाके घालून थांबवतात. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) करून जायचं. हृदयाची झडप बदललेली असेल तर प्रक्रियेआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक मोठा डोस लागतो.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल, अथवा कॅन्सर हाडात गेल्याने झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड चालू असेल, तर हे पहिल्या वाक्यात सांगा. या औषधांवर दात काढल्यास जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडून राहण्याची शक्यता असते. मान किंवा तोंडाला रेडिएशन घेतलेल्यांचंही तसंच. त्यांना रेडिएशन सुरू होण्याआधीच खराब दात काढून घ्यायचे असतात.

शुगर आणि बीपी मोजून घ्या. बीपी 180/110 च्या वर असेल तर घाईचं काम नसताना कोणीही शहाणा सर्जन हात लावणार नाही. गरोदरपणात शक्यतो मधले तीन महिने सोयीचे, पण पू झाला असेल तर कधीही उपचार होतात. बाळाच्या भीतीने पू अंगात ठेवणं जास्त वाईट.

जागा बधिर करून काम होणार असेल तर उपाशी येऊ नका. पोटभर नाश्ता, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या, मग या. खुर्चीत चक्कर येऊन पडणारे बहुतेक सकाळपासून नुसत्या चहावर असलेले धट्टेकट्टे तरुण असतात. पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हा मात्र सहा तास जेवण नाही, याचा निर्णय भूलतज्ज्ञ सांगतील.

### खुर्चीत काय होतं

आधी लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करण्याचं इंजेक्शन. खालच्या दाढेसाठी ते तोंडात मागच्या बाजूला देतात, पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि जिभेची एक कड जाड वाटायला लागते. त्यातल्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळे छाती क्षणभर धडधडते, घाबरू नका. नंतर दुखणं कळत नाही, पण दाब कळतो, आणि आवाज फार ऐकू येतो: मशीनची घरघर, दाढ तोडून दोन तुकडे करताना 'कट्' असा आवाज. तो आवाज आपल्याच डोक्यात होतोय असं वाटतं, कारण हाडातून थेट कानात जातो. दुखलं तर डावा हात वर करायचा. डॉक्टरांचा हात धरायचा नाही, त्यात हत्यार असतं.

### घरी आल्यावरचे तास

खड्ड्यावर ठेवलेला गॉज (जाळीच्या कापडाची घडी) तासभर घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून आरशात बघणारे लोक रक्त स्वतःच चालू ठेवतात. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, लाळ गिळायची. गुळण्या नाहीत, स्ट्रॉ नाही. खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते तीच पुढचं हाड भरून आणणार असते आणि ओढीने, थुंकण्याने ती निघते. थुंकीत गुलाबी रंग दुसऱ्या दिवसापर्यंत दिसतो, एक थेंब रक्ताने कपभर लाळ लाल होते. खरंच वाहत असेल तर ताजा गॉज ओला करून, घडी करून खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास न बोलता दाबा. गॉज नसेल तर चहाची टी-बॅग भिजवून चालते, चहातल्या टॅनिनने रक्त गोठायला मदत होते.

बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, 15-20 मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा, पहिला दिवसभर. रात्री दोन उशा. ओठ बधिर आहे तोवर गरम चहा आणि जेवण नको, लहान मूल असेल तर ते ओठ चावत नाही ना याकडे लक्ष ठेवा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. "काल बरा होतो, आज गाल फुगला, काहीतरी बिघडलं," असे फोन याच वेळी येतात. बिघडलेलं नसतं. तोंड आठवडा-दहा दिवस कमी उघडतं. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून हळूच खळखळायचं, जोर नाही.

जेवणात काय? गार ताक, दही-भात, ज्वारीची आंबील, मऊ खिचडी, कुस्करलेलं वरण-भात, शिरा, केळ. तर्री-पोहे आठवडाभर नकोत, तर्रीमुळे आणि पोह्यांमुळेही: पोहे, तीळ, चिवडा खड्ड्यात जाऊन बसतात. टाके निघेपर्यंत सावजीचं नाव काढू नका. संत्र्याचा रस झोंबतो, चार दिवस थांबा. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा 45 च्या आसपास असताना दाढ काढली असेल तर पाणी कमी पडू देऊ नका. तोंड दुखतं म्हणून लोक पाणी पीत नाहीत, वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पोटात, आणि त्याचा भार किडनीवर. मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर दारू अजिबात नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कमी होत आलेला ठणका अचानक वाढला, कानापर्यंत जायला लागला, तोंडाला घाण वास येतोय, तर खड्ड्यातली गुठळी गेलेली असते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत आणि विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त. अँटिबायोटिक बदलून ते थांबत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बऱ्याचदा त्याच संध्याकाळी झोप लागते. काळ्या रेशमी दोऱ्याचे टाके सातव्या दिवशी काढतात. ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर लगेच कळवा. बहुतेकांचा आठवड्या-महिन्यांत जातो, पण नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

## खर्रा आणि मिटत जाणारं तोंड

नागपुरात हा विषय टाळून तोंडाच्या आजारांवर लिहिणं म्हणजे लबाडी होईल. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घेऊन घोटला जातो, घोटता घोटता पन्नीही घासते, आणि तो गोळा तासन्‌तास गालात राहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. "मी गुटखा नाही खात जी, फक्त खर्रा," असं अभिमानाने सांगणारे रोज भेटतात. सुपारी एकटीच पुरेशी आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर करून वीसेक वर्षं होऊन गेली.

सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या कातडीखाली तंतू जमत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठ होतो. सुरुवात होते तिखट झोंबण्यापासून. पूर्वी सावजी खाणारा माणूस साध्या वरणालाही 'हू हू' करतो. मग गालाचा आतला गुलाबी रंग पांढुरका पडतो, बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या लागतात. पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, शिट्टी वाजत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. या तोंडात पुढे कॅन्सर होण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त असते.

उपचाराची पहिली पायरी सोडणं, तीही पूर्ण. 'दिवसाला दोनच' ही पायरी नाही. पन्नी खिशातून गेली की हात रिकामा वाटतो, तेव्हा बडीशेप चालेल, सुपारी नाही. तंबाखू सोडण्याचं समुपदेशन बऱ्याच सरकारी रुग्णालयांत मिळतं, निकोटिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दुसरी पायरी व्यायाम, आणि हाच सगळ्यात दुर्लक्षित. आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या धुऊन घ्या. एकावर एक ठेवून दातांमध्ये जितक्या मावतात तितक्यांचा गठ्ठा करा, मागच्या दाढांकडे सरकवा, मिनिटभर धरा. रोज पाच-सहा वेळा. हळूहळू, दुखण्याच्या सीमेवर, मध्ये आणखी एक काडी सरकवायची. आकडा वहीत लिहा, महिन्याला दोन-तीन काड्या वाढल्या तर चांगलं चाललंय. सोबत गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देतात, लोह कमी असेल तर त्याच्या गोळ्या.

तोंड फारच मिटलं असेल, म्हणजे एक-दीड बोट, तर शस्त्रक्रिया. आतले घट्ट पट्टे कापून उघड्या जागेवर गालातल्या चरबीचा किंवा नाकाजवळच्या कातडीचा पदर वळवून बसवतात. अक्कलदाढाही काढतात. टेबलावर तोंड तीन बोटं उघडतं, नातेवाईक खूश होतात. पण पुढचे सहा महिने व्यायाम केला नाही तर ते परत आवळतं. ज्याला काड्यांचा व्यायाम आधी महिनाभर करवला नाही त्याची शस्त्रक्रिया करायला मी तरी उत्साही नसतो.

## चट्टा, न भरणारी जखम आणि बायोप्सी

घासून न निघणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, कडा उंच आणि कडक झालेली जखम, कारण नसताना हललेला दात, दात काढून महिना झाला तरी न भरलेला खड्डा. यापैकी काहीही असलं तर बायोप्सी. टोकदार दाताने जखम झाली असेल तर आधी तो दात गुळगुळीत करतात आणि दोन आठवडे वाट बघतात, तेवढीच सूट.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती घराघरात आहे, आणि तिच्यामुळे लोक झाडपाल्याकडे वळतात. बायोप्सीत जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका येतो. त्याने पसरत नाही. पसरतं ते वाट बघण्यात. पहिल्या टप्प्यात लहान शस्त्रक्रियेने काम भागतं. मानेत गाठी आल्यावर जबडा काढणं, पायाचं हाड आणून जबडा बनवणं, रेडिएशन, अशी मोठी साखळी सुरू होते. रिपोर्ट हातात पडल्यावर नातेवाइकांनी चार ठिकाणी चार मतं घेण्यात दोन महिने घालवू नयेत. दुसरं मत एक, फार तर दोन.

## जबड्याला मार लागला तर

रिंग रोडवर दुचाकी घसरते, हेल्मेट असतं पण अर्ध्या डोक्याचं, हनुवटी उघडी. हनुवटीवर जखम असेल तर लोक ती शिवून घरी जातात आणि कानासमोरचा सांधा तुटलेला कोणी बघत नाही. दात जुळत नाहीत, खालचा ओठ बधिर आहे, जिभेखाली निळसर रक्त साकळलंय, दोन दातांच्या मध्ये पायरी पडलीय, यातलं काहीही असेल तर फ्रॅक्चर धरून चला. कॅज्युअल्टीत एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे कायद्याच्या कामाची वैद्यकीय) नोंद करून घ्या, पुढे विम्याला आणि दाव्याला लागते.

बरेच फ्रॅक्चर तोंडाच्या आतून टायटॅनियमच्या लहान प्लेट्स लावून बसवतात, बाहेर व्रण दिसत नाही. काहींना वरचे-खालचे दात तारांनी काही आठवडे बांधून ठेवतात. तार बांधलेल्या पेशंटच्या उशाशी तार कापायची पक्कड असायलाच हवी, उलटी झाली तर तीच जीव वाचवते. खाणं सगळं पातळ: मिक्सरमधून काढलेली डाळ, दूध, सूप. लहान मूल हनुवटीवर आपटलं तर काही दिसत नसलं तरी दाखवा आणि सांगितलेला व्यायाम करून घ्या. दुर्लक्ष झालं तर सांधा हाडाने चिकटतो आणि पुढे तोंडच उघडत नाही.

पूर्ण दात मुळासकट बाहेर पडला असेल, आणि तो दुधाचा नसून कायमचा असेल, तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर पाण्याने क्षणभर धुऊन शक्य असल्यास जागेवर बसवा. नाहीतर वाटीभर दुधात बुडवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

## सांधा, जबडा निखळणं आणि बाकीचं

तोंड उघडताना कानाजवळ 'कट्' वाजतं पण दुखत नाही, तर काही करू नका. दुखत असेल तर दोन-तीन आठवडे मऊ खा, दोन्ही बाजूंनी चावा, गरम कापडाने शेका. रात्री दात खात असाल तर दातांचं आवरण मिळतं. शस्त्रक्रियेची गरज क्वचित. जांभई देताना जबडा निखळून उघडाच राहिला तर शेजाऱ्यांना थापा मारू देऊ नका. डॉक्टर अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली-मागे दाबून बसवतात. पुढचे दोन आठवडे जांभई आली की हनुवटीला हात लावायचा.

जेवायला बसलं की जबड्याखाली फुगवटा येतो आणि तासाभराने उतरतो, हे लाळेच्या नळीतल्या खड्याचं लक्षण. ओठाच्या आत पाण्याने भरलेली, फुटून परत येणारी निळसर गाठ बहुतेकदा ओठ चावल्याने होते, छोट्या शस्त्रक्रियेत जाते. जबड्याचं हाड न दुखता हळूहळू फुगत असेल तर गाठ, ओपीजी काढा.

2021 मध्ये कोविडनंतर नागपुरात म्यूकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे खूप पेशंट आले आणि अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. आजही शुगर फार वाढलेल्या माणसाचे वरचे दोन-चार दात अचानक हलायला लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला, तर तो हिरडीचा आजार समजून बसू नका. त्याच दिवशी सर्जन आणि शुगरची तपासणी.

आणि एक दुखणं असं की त्यात दाढ काढायचीच नसते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ, काही सेकंदांची, तोंड धुताना, दाढी करताना, वारा लागताना, घास चावताना. मध्ये अगदी काही नाही, रात्री झोपेत सहसा नाही. हा ट्रायजेमिनल न्युराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचा आजार. या पेशंटांपैकी अनेकांनी एकामागून एक दोन-तीन चांगल्या दाढा काढून घेतलेल्या असतात आणि कळ तशीच. दाढेत एक्स-रेवर काही दिसत नसेल आणि कळ अशी झटक्याची असेल, तर दाढ काढू देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. कार्बामाझेपिनने बहुतेकांना सुरुवातीला चांगला आराम पडतो. ही गोळी चालू असताना मधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा असतो.